मिनेसोटात स्वतःची मानसोपचार प्रॅक्टिस सुरू करताना : राज्याच्या प्रदाता कराचा पहिला वर्षभराचा हिशेब

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक किंवा क्लिनिकल समाजकार्यकर्ता म्हणून परवाना मिळाल्यावर अनेक जण काही वर्षे एखाद्या क्लिनिकमध्ये नोकरी करतात आणि मग स्वतःची छोटी प्रॅक्टिस थाटतात. त्यांत आता मराठी नावेही दिसू लागली आहेत. जागेचे भाडे, विमा कंपन्यांशी करार, संगणकावरील नोंदींची व्यवस्था अशा गोष्टींची तयारी बहुतेकांनी केलेली असते, पण राज्याचा एक कर असा आहे की जो नोकरीत असताना पगाराच्या चिठ्ठीवर कधीच दिसत नाही आणि म्हणून ध्यानातही येत नाही. त्याला बोलीत ‘प्रदाता कर’ किंवा ‘मिनेसोटाकेअर टॅक्स’ म्हणतात. हा लेख पहिल्यांदाच तो भरणाऱ्यांसाठी आहे.

आधी कराचे स्वरूप समजून घ्या

१९९२ साली गव्हर्नर आर्नी कार्लसन यांच्या कारकिर्दीत मिनेसोटाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारा आरोग्य विमा देण्याचा कायदा केला आणि त्या खर्चासाठी रुग्णालये, डॉक्टर व इतर आरोग्यसेवा देणाऱ्यांच्या जमा रकमेवर दोन टक्के कर बसवला. कराचा पैसा ‘हेल्थ केअर अ‍ॅक्सेस फंड’ या वेगळ्या निधीत जातो. मधल्या काळात दर काही वर्षे दीड टक्का होता. २०११ च्या कायद्यानुसार २०१९ अखेर हा कर संपुष्टात येणार होता, परंतु २०१९ मध्ये विधिमंडळाने ती तरतूद रद्द करून कर कायम ठेवला आणि १ जानेवारी २०२० पासून मूळ दर १.८ टक्के केला. निधीत गरजेपेक्षा बरीच जास्त शिल्लक राहील असा डिसेंबरमधील अंदाज आला, तर पुढच्या वर्षापुरता दर खाली आणण्याची सोयही कायद्यात आहे. त्यामुळे दर जानेवारीत महसूल विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाचा दर पाहून मगच हिशेबाच्या तक्त्यात आकडा बदलावा. या लेखातील उदाहरणे १.८ टक्के धरून दिली आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हा कर नफ्यावर नाही, तर हाती आलेल्या पैशावर आहे. भाडे, पगार, विमा, संगणक, प्रशिक्षण यांपैकी काहीही त्यातून वजा होत नाही. पहिल्या वर्षी प्रॅक्टिस तोट्यात गेली, तरी रुग्णसेवेपोटी जमा झालेल्या रकमेवर तो द्यावाच लागतो. महाराष्ट्रातून आलेल्यांना हे पचायला थोडा वेळ लागतो. तिकडे प्राप्तिकर खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नावर असतो, वैद्यकीय सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असते आणि व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये असतो. मिनेसोटाच्या प्रदाता कराला यांतले काहीच लागू पडत नाही. मात्र भरलेला कर धंद्याचा खर्च म्हणून संघराज्याच्या प्राप्तिकरात वजा मिळतो, हे विसरू नये.

पहिली पायरी : हा कर आपल्याला लागू आहे का, ते ठरवा

ज्याचा आरोग्यविषयक व्यवसाय राज्याच्या नियमनाखाली येतो आणि जो रुग्णाला थेट सेवा देतो, तो कायद्याच्या दृष्टीने ‘हेल्थ केअर प्रोव्हायडर’ ठरतो. मनोविकारतज्ज्ञ, परवानाधारक मानसशास्त्रज्ञ, स्वतंत्र क्लिनिकल समाजकार्यकर्ते, विवाह व कुटुंब थेरपिस्ट, क्लिनिकल समुपदेशक हे सगळे त्यात आले. तुम्ही एकटे आहात, कंपनी स्थापन केलेली नाही किंवा घरातल्या एका खोलीत बसून काम करता, यांपैकी कोणत्याही कारणाने सूट मिळत नाही.

सूट मिळते ती पैसा कोणाकडून येतो यावर. तुमची सगळी कमाई दुसऱ्या एखाद्या क्लिनिककडून किंवा रुग्णालयाकडून येत असेल आणि त्या सेवेवरचा कर ते क्लिनिक स्वतः भरत असेल, तर तुम्हाला वेगळा कर भरावा लागत नाही, मग तुम्ही पगारी असा की कंत्राटी. गोंधळ होतो तो जागा वाटून घेणाऱ्यांचा. एका क्लिनिकमध्ये खोली भाड्याने घेऊन बसणारी थेरपिस्ट जर स्वतःच्या नावाने विमा कंपन्यांकडे बिले पाठवत असेल, तर कराची जबाबदारी तिची. बिले क्लिनिकच्या नावाने जात असतील आणि तिला त्यातला ठराविक हिस्सा मिळत असेल, तर जबाबदारी क्लिनिकची. करारावर सही करण्याआधीच हा प्रश्न लेखी विचारून घ्यावा, कारण ‘सगळे आम्ही बघतो’ या तोंडी आश्वासनात हा कर येतो की नाही, हे दोन्ही बाजूंना बरेचदा ठाऊक नसते.

शेजारच्या राज्यात राहून व्हिडिओद्वारे मिनेसोटातील रुग्णांना सेवा देणाऱ्यांनीही सावध असावे. कर लागू होण्यासाठी राज्यात कार्यालय असलेच पाहिजे असे नाही. मिनेसोटात सेवा घेणाऱ्या लोकांना ती नियमितपणे पुरवणे एवढ्यानेही राज्यात व्यवसाय करणे ठरू शकते. याउलट मिनेसोटाच्या रहिवासी प्रदात्याला त्याच जमा रकमेवर दुसऱ्या राज्यात असाच कर भरावा लागला, तर तो येथील करातून वजा करून मागता येतो.

दुसरी पायरी : नोंदणी

नोंदणी मिनेसोटा महसूल विभागाकडे करायची असते. विभागाच्या ‘ई-सर्व्हिसेस’ या ऑनलाइन व्यवस्थेत मिनेसोटा कर ओळख क्रमांक घ्यावा आणि त्या खात्यात मिनेसोटाकेअर कराचा प्रकार जोडावा. इतर करांसाठी आधीच क्रमांक असेल, तर नवा घ्यायची गरज नाही, त्याच क्रमांकाखाली हा कर वाढवता येतो. पहिला रुग्ण पाहण्याच्या सुमारास हे काम उरकलेले बरे.

तिसरी पायरी : प्रत्येक रक्कम आली त्याच दिवशी तिचा वर्ग ठरवा

या कराचे खरे काम आहे ते हेच. दर सोपा आहे, गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. पण कोणत्या रकमेवर कर आहे आणि कोणत्या नाही, हे वर्षाच्या शेवटी शेकडो नोंदी उपसून ठरवणे फार कष्टाचे होते आणि त्यात चुकाही होतात. म्हणून हिशेबाच्या वहीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक जमेसमोर सुरुवातीपासून एक स्तंभ ठेवावा आणि पैसे आले त्याच दिवशी तो भरावा.

हिशेब रोखीच्या पद्धतीने होतो, म्हणजे बिल कधी केले याला महत्त्व नसून पैसे कधी मिळाले याला आहे. एका तासाच्या सत्रासाठी तुम्ही १५० डॉलरचे बिल पाठवले, विमा कंपनीने कराराप्रमाणे १२० डॉलर मान्य केले, त्यांतले ९५ स्वतः दिले आणि २५ रुग्णाने भरायचे ठरले असे समजा. उरलेले ३० डॉलर तुम्हाला सोडावे लागतात. करपात्र रक्कम १५० नाही, १२०, आणि तीही एकदम नाही. ९५ डॉलर मार्चमध्ये आले आणि रुग्णाचे २५ एप्रिलमध्ये, तर ते दोन वेगळ्या तिमाहींत मोडतात. विमा कंपनीकडून येणाऱ्या तपशीलपत्रात या सगळ्या रकमा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. ते पत्र जपून ठेवावे.

खासगी विमा कंपन्यांनी दिलेली रक्कम, रुग्णाने स्वतः दिलेला हिस्सा आणि विम्याविना थेट घेतलेली फी हे सगळे करपात्र आहे. ‘मेडिकल असिस्टन्स’ म्हणजे मिनेसोटाचा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) कार्यक्रम आणि ‘मिनेसोटाकेअर’ हा वर सांगितलेला राज्याचा परवडणारा विमा यांच्याकडून येणारी रक्कमही करपात्र आहे. सरकारी पैसा म्हणजे करमुक्त असा समज अनेकांचा असतो, तो येथे चुकीचा ठरतो.

मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीच्या संघराज्याच्या आरोग्य विम्याचे, पैसे मात्र करमुक्त आहेत आणि ते खासगी कंपन्यांनी चालवलेल्या मेडिकेअर योजनांमार्फत आले तरी करमुक्तच राहतात. मेडिकेअरखालील सेवेपोटी रुग्णाने दिलेला किंवा त्याच्या पूरक विम्याने भरलेला हिस्साही कराबाहेर राहतो. परंतु मेडिकेअर ज्या सेवेचे पैसे देतच नाही, अशी सेवा मेडिकेअरधारकाला दिली, तर तिची फी करपात्र होते. संघराज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेने आणि लष्करी कुटुंबांच्या ट्रायकेअर योजनेने दिलेली रक्कमही करमुक्त आहे, पण येथे एक बारीक फरक आहे. या दोन योजनांत रुग्णाने स्वतः भरलेला हिस्सा करपात्र राहतो. एकाच सत्राच्या दोन रकमा अशा वेळी दोन वेगळ्या वर्गांत टाकाव्या लागतात.

यावरून व्यवहारातला एक नियम निघतो आणि तो मी प्रत्येक नव्या थेरपिस्टला आवर्जून सांगते : वर्ग कंपनीच्या नावावरून ठरवू नका, योजनेवरून ठरवा. एकाच विमा कंपनीच्या नावाने नोकरदाराची खासगी योजना असते, ज्येष्ठांची मेडिकेअर योजना असते आणि मेडिकेडची योजनाही असते. पहिली आणि तिसरी करपात्र, मधली करमुक्त. ब्लू क्रॉस या विमा कंपनीचे कार्ड हातात आले की क्रमांक पाहावा. संघराज्याच्या कर्मचाऱ्यांच्या कार्डावरील क्रमांक साधारणपणे इंग्रजी ‘आर’ या अक्षराने सुरू होतो. पहिल्या भेटीत कार्डाची दोन्ही बाजूंनी प्रत काढून योजनेचा प्रकार रुग्णाच्या खात्यात नोंदवून ठेवला, की पुढचे काम आपोआप होते. योजना जानेवारीत बदलते आणि ६५ वर्षे पूर्ण होणारा रुग्ण वर्षाच्या मध्येही मेडिकेअरमध्ये जातो, म्हणून ती प्रत वर्षातून एकदा तरी नव्याने घ्यावी.

मानसिक आरोग्याच्या कामातल्या खास सवलती

‘रुग्णसेवा’ या शब्दाची व्याख्या करतानाच कायद्याने काही कामे बाहेर ठेवली आहेत आणि त्यांतली बरीच मानसिक आरोग्याशी निगडित आहेत. सामाजिक मानसिक आरोग्य केंद्रांची सेवा, परवानाधारक निवासी मानसोपचार सुविधा, तीव्र भावनिक विकार असलेल्या मुलांचे निवासी उपचार कार्यक्रम यांना त्या व्याख्येत धरलेले नाही. डे ट्रीटमेंट (भरती न होता दिवसा घ्यायचे सामूहिक उपचार), रुग्णाच्या वस्तीत जाऊन चमूने द्यायची सेवा, प्रौढांचे पुनर्वसन, संकटकालीन मदत आणि मुलांच्या उपचारात्मक सेवा व आधार हे कार्यक्रमही बाहेर आहेत. या सवलती त्या ठराविक, कायद्यात नमूद केलेल्या कार्यक्रमांसाठी आहेत. आपण देतो ती सेवा त्यांच्यासारखी दिसते, एवढ्याने सवलत मिळत नाही. अशा कार्यक्रमासाठी तुमच्या संस्थेचा परवाना किंवा मान्यता असेल, तर त्या कागदाची प्रत कराच्या फाइलमध्येच लावून ठेवावी.

एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्यांना जास्त उपयोगी पडणारी सवलत वेगळी आहे. न्यायालयीन दाव्यासाठी, नोकरीसाठी किंवा विम्याचा दावा अथवा पात्रता ठरवण्यासाठी केलेली तपासणी आणि त्यासाठी केलेले जुन्या नोंदींचे परीक्षण हे रुग्णसेवेत मोडत नाही. मुलाच्या ताब्याच्या खटल्यात दिलेला मूल्यमापन अहवाल कराबाहेर राहतो. त्याच मुलाला नंतर थेरपी सुरू केली, तर त्या सत्रांची फी करपात्र. दोन्हींची बिले वेगळी करावीत आणि तपासणी कोणी, कशासाठी मागितली, ते पत्र सोबत ठेवावे. कार्यशाळा घेतल्याचे किंवा महाविद्यालयात व्याख्यान दिल्याचे मानधन तर मुळातच रुग्णसेवा नव्हे.

चौथी पायरी : तिमाहीचा आकडा काढा आणि वेळेवर भरा

एका काल्पनिक थेरपिस्टच्या जानेवारी ते मार्चच्या वहीत ३०,००० डॉलर जमा आहेत असे धरू. खासगी विम्याकडून १४,५००, मेडिकेडच्या योजनांकडून ६,०००, खासगी विमाधारक आणि विमा नसलेल्या रुग्णांच्या खिशातून ३,५००, मेडिकेअर व त्यातील रुग्णहिस्सा मिळून ४,०००, न्यायालयीन मूल्यमापनाचे १,२०० आणि कार्यशाळेचे ८००. पहिल्या तीन रकमांची बेरीज २४,००० होते आणि शेवटच्या तीन वगळल्या जातात. २४,००० चे १.८ टक्के म्हणजे ४३२ डॉलर. सरसकट ३०,००० वर कर काढला असता तर ५४० भरले गेले असते. वर्ग नीट न लावल्यास वर्षाला चारशेहून अधिक डॉलर उगाच जातात आणि छोट्या प्रॅक्टिसला ते परवडत नाहीत.

अग्रिम हप्ते तिमाही संपल्यापासून पंधरा दिवसांत भरायचे असतात : १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि १५ जानेवारी. संघराज्याच्या प्राप्तिकराच्या अग्रिम हप्त्यांच्या तारखा यांच्याशी पूर्णपणे जुळत नाहीत. तिकडे दुसरा हप्ता जूनमध्ये आणि तिसरा सप्टेंबरमध्ये असतो. दोन्ही याद्या एकाच कॅलेंडरवर वेगवेगळ्या रंगांत लिहून ठेवाव्यात. चालू वर्षाचा एकूण कर ५०० डॉलरच्या आत राहणार असेल, तर अग्रिम हप्ते लागत नाहीत. १.८ टक्के दराने ही मर्यादा सुमारे २७,७७८ डॉलरच्या करपात्र जमेवर गाठली जाते, म्हणजे आठवड्यातून एखाद-दोन दिवसच रुग्ण पाहणारे बरेच जण तिच्या आत राहतात. तरीही त्यांचा कर माफ होत नाही, तो वार्षिक विवरणपत्रासोबत एकदम भरायचा असतो.

माझा सल्ला असा की विमा कंपनीचे पैसे खात्यात पडले की त्यांतली कराची रक्कम त्याच आठवड्यात वेगळ्या बचत खात्यात वळवावी. हातातला पैसा आपलाच आहे असे वाटू लागले की १५ तारीख जड जाते.

पाचवी पायरी : वार्षिक विवरणपत्र

मागच्या कॅलेंडर वर्षाचे विवरणपत्र १५ मार्चपर्यंत ई-सर्व्हिसेसमधून दाखल करायचे असते. त्यात एकूण जमा, प्रत्येक सवलतीखाली वगळलेली रक्कम, करपात्र शिल्लक आणि भरलेले हप्ते दाखवायचे असतात. तिसऱ्या पायरीतला स्तंभ नीट भरलेला असेल, तर हे काम एका बैठकीत होते. काहीच कर निघत नसला तरी नोंदणीकृत प्रदात्याने विवरणपत्र दाखल करावेच, नाहीतर विभाग स्वतः अंदाज बांधून मागणी पाठवू शकतो आणि मग ती खोडून काढण्याचे काम आपल्यावर पडते. उशीर झाल्यास दंड आणि व्याज दोन्ही लागतात. वगळलेल्या प्रत्येक रकमेचा पुरावा, म्हणजे तपशीलपत्रे, कार्डांच्या प्रती, न्यायालयाची पत्रे, काही वर्षे सांभाळून ठेवावा. रुग्णाची गोपनीयता राखण्यासाठी कराच्या फाइलमध्ये सत्रांच्या नोंदी कधीही ठेवू नयेत. तारीख, योजना आणि रक्कम एवढे पुरते.

हा बोजा कोणावर टाकता येतो

कायद्याने प्रदात्याला हा खर्च विमा कंपन्यांसारख्या देणेकऱ्यांकडे वर्ग करण्याची मुभा दिली आहे आणि त्यांनी तो ठरलेल्या दराशिवाय वेगळा द्यावा असे म्हटले आहे. या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले गेले होते. १९९५ मध्ये आठव्या सर्किटच्या (मिनेसोटा ज्यात येतो त्या विभागाच्या) संघराज्यीय अपील न्यायालयाने बॉइल विरुद्ध अँडरसन या खटल्यात ती टिकवली. प्रत्यक्षात अनेक करारांत ‘दरात कर समाविष्ट आहे’ असे एक वाक्य असते. नव्या करारावर सही करताना ते शोधावे, आणि नसेल तर कर वेगळा मिळणार का, हे विचारावे.

रुग्णाच्या बिलावर कराची ओळ वेगळी दाखवायची असेल, तर कायद्याने दिशाभूल करण्यास मनाई केली आहे. जी रक्कम करपात्रच नाही, तिच्या बिलावर कर दाखवता येत नाही. मेडिकेअरच्या रुग्णाकडून १.८ टक्के घेणे म्हणजे सरळसरळ कायदाभंग. विम्याविना येणाऱ्या, पदरमोड करून थेरपी घेणाऱ्या माणसाच्या बिलावर ही ओळ घालूच नये असे मला ठामपणे वाटते. फी ठरवतानाच कर धरून ती ठरवावी आणि रुग्णाला एकच आकडा सांगावा. पहिल्या सत्राला येण्यासाठी माणसाने किती धीर गोळा केलेला असतो, ते या व्यवसायातल्यांना सांगायला नको.

शिवाय हा पैसा जातो कुठे, हेही रुग्ण विचारतात. प्रौढांच्या मेडिकेडसाठी ज्यांचे उत्पन्न थोडे जास्त पडते आणि खासगी विमा ज्यांना झेपत नाही, अशांना मिनेसोटाकेअरचा विमा मिळतो, आणि त्यांतले कितीतरी जण आपल्याच क्लिनिकमध्ये येतात. कराबद्दल कुरकुर करणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

संघराज्यातील बदल

आरोग्यसेवा देणाऱ्यांवरील राज्यांच्या करांना १९९१ पासून संघराज्याचे नियम लागू आहेत. कर एका वर्गातील सर्वांवर, समान दराने हवा आणि भरलेला पैसा परत मिळण्याची हमी देता येत नाही. मानसशास्त्रीय सेवा हा त्या नियमांतला एक स्वतंत्र वर्ग आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने नवे प्रदाता कर आणि दरवाढ गोठवली आहे. ज्या राज्यांनी मेडिकेडचा विस्तार केला आहे, त्यांच्यासाठी सहा टक्क्यांची सुरक्षित मर्यादा (ज्या दरापर्यंतच्या करावर संघराज्य सहसा आक्षेप घेत नाही ती) आर्थिक वर्ष २०२८ पासून दरवर्षी अर्ध्या टक्क्याने उतरवत साडेतीन टक्क्यांवर आणली जाणार आहे. मिनेसोटा त्या राज्यांत येतो, पण १.८ टक्के हा दर त्या मर्यादेच्या बराच खाली आहे.

प्रॅक्टिस बंद करताना

नोकरीत परतणाऱ्यांनी किंवा दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी कर खाते घाईने बंद करू नये. हिशेब रोखीचा असल्याने शेवटच्या सत्रानंतर काही महिन्यांनी आलेली विम्याची रक्कमही ज्या तिमाहीत हाती पडली त्या तिमाहीत करपात्र असते. नाकारलेले आणि पुन्हा पाठवलेले दावे निकाली निघेपर्यंत खाते चालू ठेवावे, शेवटचे येणे वसूल झाले की ई-सर्व्हिसेसमध्ये व्यवसाय संपल्याची तारीख नोंदवावी आणि त्या वर्षाचे अखेरचे विवरणपत्र दाखल करावे.